स्लीपरच्या डब्यात रात्रीचे दहा वाजवताना

मॉडेल रेल्वेच्या डब्यात लाइट लावायचे म्हटलं की बहुतेक जण एलईडीची पट्टी कापतात, छताला आतून चिकटवतात आणि सगळा डबा लग्नाच्या हॉलसारखा उजळून टाकतात. छान दिसतं ते, नाही असं नाही, पण आपला रात्रीचा स्लीपर कधीच तसा दिसत नाही. त्यात एका कंपार्टमेंटमध्ये ट्यूब चालू असते, शेजारच्यांनी बटण बंद करून झोपायची तयारी केलेली असते, पलीकडे नुसता निळा नाइट लॅम्प, आणि दरवाज्याकडे टॉयलेटच्या बाहेर रात्रभर उजेड. हा कमीजास्त उजेड म्हणजेच तो डबा. म्हणून मी डबा करायला घेतला की बर्थ, माणसं, वायरी यातलं काहीही सुरू करायच्या आधी एकच गोष्ट ठरवतो, डब्यात वाजलेत किती?

सध्या टेबलावर आहे तो आयसीएफचा, म्हणजे चेन्नईतल्या पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचा, निळा नॉन-एसी स्लीपर, ७२ बर्थचा, एचओ स्केलमध्ये, म्हणजे १:८७, खऱ्याच्या सत्याऐंशीव्या भागाएवढा. महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्रीचं मुंबई-कोल्हापूर केलेल्या कोणालाही हा डबा सांगावा लागत नाही, माझ्या तर सगळ्या मे महिन्याच्या सुट्ट्या यातच सुरू झाल्या. त्या कारखान्यात १९५५ पासून स्विस डिझाइनवर डबे बनायला लागले आणि २०१८ मध्ये तिथलं या जुन्या डब्यांचं उत्पादन थांबलं, आता सगळीकडे एलएचबी, म्हणजे जर्मन डिझाइनचे नवे डबे. मला मनापासून वाटतं की हे डबे रुळांवरून पूर्ण जायच्या आत त्यांची आतली बाजू कोणीतरी नीट करून ठेवायला पाहिजे. बाहेरचा रंग, नंबर, पाट्या करणारे खूप आहेत, आत शिरणारे फार थोडे.

खऱ्या डब्याची बॉडी २१.३३७ मीटर लांब आणि ३.२४५ मीटर रुंद, म्हणजे आपल्या स्केलला साधारण २४५ बाय ३७ मिलिमीटर. त्या ३७ मध्ये आडवे बर्थ, मधली वाट आणि साइडचे बर्थ, असं सगळं बसवायचं. एका कंपार्टमेंटमध्ये आठ बर्थ, अशी नऊ कंपार्टमेंट्स, आणि एका कंपार्टमेंटची लांबी पडते वीस-बावीस मिलिमीटर. आपल्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत आठ माणसांची रात्र मांडायची.

आता वेळेचं का एवढं, तर मिडल बर्थ. नियमाप्रमाणे मिडल बर्थ रात्री दहा ते सकाळी सहा. साडेआठचा डबा करायचा तर सगळे मिडल खाली, पाठीला टेकलेले, माणसं बसलेली, जेवणाचे डबे उघडलेले, सगळे लाइट चालू. बाराचा डबा म्हणजे सगळे मिडल वर, कोणी ताठ बसूच शकत नाही, आणि जवळजवळ अंधार. मी दहा धरले, गाडी घाटाच्या अलीकडे कुठेतरी. या वेळेला डब्यात दोन्ही असतं, अर्ध्या ठिकाणी मिडल वर गेलाय आणि अर्ध्या ठिकाणी अजून पत्ते चाललेत किंवा एखादे आजोबा जेवतायत आणि वरचा मिडलवाला त्यांचं कधी होतंय याची वाट बघत उभा आहे. एकदा वेळ ठरली की कुठला बर्थ वर, कोण झोपलंय, कुठे लाइट, सगळं आपोआप ठरत जातं.

बर्थ मी १ मिलिमीटरच्या स्टायरीन (प्लास्टिक) शीटचे करतो, खऱ्या मापात ते ८७ मिलिमीटर होतं, गादीची जाडी म्हणून बरोबर वाटतं. सहा फुटी बर्थ २१ मिलिमीटरचा. कडा हलक्या गोल घासून मॅट निळा रंग, रेक्झिनला चकाकी असते पण लाइटखाली ग्लॉस रंग खेळण्यासारखा दिसतो म्हणून मॅटच. वरच्या बर्थच्या साखळ्या बारीक तांब्याच्या तारेचे दोन पदर पिळून, खिडकीतून बघताना पुरतात. झोपलेली माणसं एम-सीलची, छोटी वळकटी करायची, डोकं आणि पाय यांचे उंचवटे दाबून काढायचे आणि वर पातळ टिश्यू पेपर फेविकॉलच्या पाण्यात भिजवून पांघरायचा. वाळला की चादरीच्या चुण्या जशाच्या तशा येतात, हे मला रेडीमेड पुतळ्यांपेक्षा कितीतरी खरं वाटतं. बसलेल्यांसाठी मात्र रेडीमेड पुतळे घेऊन त्यांचे पाय कापून बसते करतो. एक जण उभा आहे, हात वर करून पिंजऱ्यातून पेन घालून पंखा फिरवतोय, तो नसेल तर तो स्लीपर कसला!

आता लाइट. बाजारातली १२ व्होल्टची, मीटरला ६० एलईडीवाली पट्टी तीन-तीन एलईडीच्या तुकड्यांत कापता येते, एक तुकडा ५० मिलिमीटरचा. म्हणजे एका तुकड्यात दोन कंपार्टमेंट्स उजळणार, एक चालू एक बंद करताच येत नाही. त्यामुळे पट्टी बाजूला ठेवून मी ०६०३ साइझचे, म्हणजे अगदी बारीक, वायर लावलेले सुटे एसएमडी एलईडी घेतो, पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतात. प्रत्येकाला करंट कमी करणारा स्वतःचा रेझिस्टर. डीसीसीवर, म्हणजे मॉडेल रेल्वेच्या डिजिटल कंट्रोलवर, रुळात साधारण १५ व्होल्ट, त्याचा डीसी करणाऱ्या ब्रिज रेक्टिफायर नंतर साडेतेराच्या आसपास, पांढऱ्या एलईडीला तीन व्होल्टच्या आत-बाहेर लागतात, म्हणजे १० के (दहा हजार ओहम) लावला की जेमतेम एक मिलिअँपिअर, आणि तेवढा पुष्कळ होतो. निळ्या नाइट लॅम्पला ४७ के, तरीसुद्धा कधीकधी जास्त वाटतो. परदेशी मंडळी जुन्या डब्यांना पिवळसर वॉर्म व्हाइट वापरतात, त्यांच्याकडे ते बरोबरच आहे, पण आपल्या ट्यूबलाइटच्या काळातल्या डब्याला वॉर्म व्हाइट शोभत नाही. मी कूल व्हाइट घेऊन त्यावर ट्रान्सपरंट पिवळ्या रंगाचा अगदी पातळ हात देतो, एलईडीचा निळसरपणा मरतो आणि जुन्या ट्यूबचा तो जरा थकलेला पांढरा मिळतो.

आणि बॉडी आतून काळी रंगवणं, हे कंटाळवाणं काम टाळू नकाच. प्लास्टिकमधून उजेड झिरपतो, अंधारात सगळा डबाच कंदील होतो. आधी काळा, वर क्रीम. पार्टिशन छतापर्यंत नीट भिडवायचं, मग चालू कंपार्टमेंटचा उजेड फक्त वाटेत सांडतो आणि समोरच्या साइड लोअरवर पडतो, खऱ्या डब्यात पडतो तसा. खिडक्यांचे आडवे गज मी पारदर्शक ओएचपी शीटवर प्रिंट करतो.

खऱ्या डब्यात लाइट ११० व्होल्ट डीसीवर, चाकाच्या अ‍ॅक्सलवरून पट्ट्याने फिरणारा अल्टरनेटर आणि पोटाखाली बॅटऱ्या, त्यामुळे गाडी थांबली तरी उजेड जात नाही. मॉडेलमध्ये बॅटरीचं हे काम कपॅसिटर करतो. १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा, सगळे मिळून चार-पाच मिलिअँपिअरच खात असल्यामुळे रुळावर धूळ आली तरी सेकंदभर निभावतो आणि लुकलुकणं जातं. सुरुवातीचा झटका बसू नये म्हणून त्याच्याबरोबर १०० ओहमचा रेझिस्टर आणि त्याला समांतर डायोड. कपॅसिटर मी टॉयलेटमध्ये लपवतो, तिथली काच तशीही धुरकट. चाकांवरून करंट घ्यायला फॉस्फर ब्राँझच्या पट्ट्या, दाब इतकाच की डबा उतारावर हाताने सोडला तर घरंगळला पाहिजे. वजनाचं म्हणाल तर एनएमआरए या अमेरिकन मॉडेल रेल्वे संघटनेचा हिशेब एचओला एक औंस अधिक दर इंचाला अर्धा औंस, या डब्याला ते १६५ ग्रॅमच्या आसपास येतं, आणि ते पोटाखालच्या बॅटरीच्या खोक्यांतच भरायचं, वर भरलं तर वळणावर डबा डोलतो.

पुढचा डबा जनरल, ९० सीटचा. तिथे वेळ ठरवायची गरजच नाही, दहा काय आणि तीन काय, खाली आडवं व्हायला जागा नसते आणि कोणी लाइट बंद करत नाही. सगळ्या एलईडी चालू, माणसं मात्र ९० च्या दुप्पट तरी लागणार, आणि वरच्या लाकडी फळीवर झोपलेल्यांसाठी एम-सीलची दोन पाकिटं आणून ठेवलीत.