न खाण्याचं सफरचंद

पिकल्या कोकमाच्या रंगाचं, लिंबाहून जरा मोठं. दिसायला इतकं देखणं की मी ते पँटीला पुसलं आणि सरळ दात लावला. आधी गोड लागलं, मग आंबट, आणि घास गिळायच्या आत जीभ टाळूला चिकटली. बागेचे मालक, सत्तरीचे म्हातारबुवा, शांतपणे माझं तोंड बघत होते. "ते प्यायचं असतं," म्हणाले.

हे किंग्स्टन ब्लॅक. मी इंग्लंडात, सॉमरसेटमध्ये टॉन्टनला राहतो. तिथून गाडीने दहा मिनिटांवर किंग्स्टन सेंट मेरी गाव आहे, आणि १९व्या शतकात हे वाण तिथेच निपजलं, असं मानतात. सायडर म्हणजे सफरचंदाचा रस आंबवून केलेली दारू. तिच्यासाठीच्या सफरचंदांचे इथे चार गट करतात: गोड, आंबट, कडूगोड आणि कडूआंबट. टॅनिन (तुरटपणा आणणारं द्रव्य) ०.२ टक्क्यांच्या वर आणि आम्ल ०.४५ टक्क्यांच्या वर गेलं की कडूआंबट; किंग्स्टन ब्लॅक त्यातलंच. ही विभागणी ब्रिस्टलजवळच्या लाँग अ‍ॅश्टन संशोधन केंद्राची, १९०३ ची. पण मला विचाराल तर यात कडू काहीच नाही. कारलं कडू. हे तुरट! आम्हा वेंगुर्लेकरांना काजूच्या बोंडूने घसा धरतो ना, अगदी तसं.

बहुतेक सायडर तीन-चार जातींचे रस मिसळून करतात. किंग्स्टन ब्लॅकमध्ये गोड, आंबट, तुरट सगळंच बेताचं, म्हणून त्याची एकट्याचीही बाटली निघते. नखरे मात्र हापूसचे. फळ कमी, खोडाला कँकरचा रोग, पानाफळांवर खवड्या. बी लावून हे झाड मिळत नाही, कलमच बांधावं लागतं.

नोव्हेंबरचा पहिला आठवडा होता. ओल्या गवतातून पडलेली फळं वेचून आमच्या कमरेचा काटा ढिला झाला. मग ती भरडायची, लगदा फडक्यात गुंडाळून थरावर थर रचायचे (या थप्पीला इथे 'चीज' म्हणतात, मी उगाच खूश झालो होतो) आणि वरून दाबायचं. तपकिरी रस गळू लागला. म्हातारबुवा त्यात यीस्ट घालत नाहीत. पिंप भरून ठेवायचं, ते आपसूक आंबतं. फेणीसाठी बोंडूचा रस आंबतो तसाच. चोथा गेला शेजाऱ्याच्या गुरांना.

संध्याकाळी आईला फोनवर सगळं सांगितलं.

"मग खायची सफरचंदं कुठून आणतोस?"

"सुपरमार्केटातून. परवाची फ्रान्सची होती."