ट्यूब विझली की

काल परत तेच. साडेअकराला पुस्तक मिटलं, रूममेटने ट्यूब बंद केली, पाच मिनिटांत तो घोरायला लागला आणि माझा हात आपोआप उशीखाली. ब्राइटनेस एकदम खाली, इअरफोन एकाच कानात, दुसरा कान त्याच्या कॉटकडे. म्हटलं दहा मिनिटं फक्त पॉर्न बघू. पावणेतीनला बॅटरी चार टक्क्यांवर आली तेव्हा बघतो तर एकवीस टॅब उघडे, आणि खरं सांगायचं तर त्यातलं एकही धड पूर्ण बघितलेलं नाही, नुसतं पुढचं, अजून पुढचं. मजा केव्हाच संपलेली, शोधणंच चालू होतं.

सकाळी आईचा फोन, आवाज का असा बसलाय रे? म्हटलं अभ्यास, जागरण. लाज वाटली, आणि गंमत म्हणजे लाज वाटली की रात्री परत तिकडेच जायला होतं.

आज अभ्यासिकेत पॉलिटी बाजूला ठेवून हेच वाचत बसलो. शुल्ट्झ नावाच्या शास्त्रज्ञाने माकडांवर प्रयोग केलेले, आधी दिवा लागायचा मग ज्यूस मिळायचा. सुरुवातीला डोपामिनवाल्या (डोपामिन म्हणजे मेंदूतलं हवंसं वाटायला लावणारं रसायन) पेशी ज्यूस मिळाला की उसळायच्या, पण माकड सरावलं तसं त्या दिवा लागल्या लागल्याच उसळायला लागल्या, ज्यूसचं त्यांना काहीच नाही. हसूच आलं. माकडाचा दिवा लागतो, माझी ट्यूब विझते, बाकी सेम.

2014 मध्ये केंब्रिजला व्हॅलरी वून यांच्या टीमने ज्यांची सवय हाताबाहेर गेलीये अशा 19 पुरुषांचे मेंदू स्कॅन केले. नशा करणाऱ्यांच्यात जे भाग पेटतात तेच यांच्यात व्हिडिओ बघताना जास्त पेटले. हवंसं वाटणं इतरांपेक्षा जास्त पण आवडणं मात्र इतरांइतकंच! माझे एकवीस टॅब ते हेच की. रीलवाले ओरडतात तसं मेंदू सडतो वगैरे कुठे नाही सापडलं. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या यादीत, जी 2022 पासून लागू झाली, अशा हाताबाहेर गेलेल्या लैंगिक वागण्याला व्यसनात नाही तर आवेग न आवरण्याच्या आजारांत टाकलंय, तेही आयुष्याचा विचका होत असेल तरच, नुसतं पाप वाटतं म्हणून नाही. हे वाचून जरा हलकं वाटलं. मग आठवलं, प्रीलिमला किती दिवस राहिलेत.

आज मोबाईल दाराजवळच्या प्लगला लावलाय, कॉटपासून आठ पावलं, मोजली. रूममेट विचारतोय बंद करू का ट्यूब. म्हटलं थांब रे, दोन ओळी राहिल्यात.