पासवर अडवलेली प्लेट

मंगळवारी दुपारची गर्दी ओसरत आली होती, तेव्हा कॅप्टन केओटी, म्हणजे ऑर्डरची चिठ्ठी, घेऊन थेट माझ्या रेंजपाशी, मोठ्या शेगडीपाशी, आला. "ताई, एक मापो टोफू, पण व्हेगन. मुलगी म्हणते नुसतं व्हेज नको, चिकन पावडरसुद्धा चालणार नाही." मापो टोफू म्हणजे कीमा घातलेला तिखट चिनी टोफू, सोयाबीनच्या दुधाचं पनीर म्हणा. आणि व्हेगन म्हणजे मांस, मासे, दूध, प्राण्यांपासूनचं काहीच नको.

अंधेरीतल्या या किचनमध्ये मला नऊ वर्षं झाली. व्हेज म्हटलं की कीमा काढायचा, बाकी ऑयस्टर सॉस, स्टॉक, चिकन पावडर सगळं तसंच, ही इथली जुनी सवय. मला ती कायम खटकत आली आहे. खाणारा विश्वासाने खातो.

मुलगी चीनमधल्या चेंगदूला एमबीबीएस करून आलेली. म्हणजे या पदार्थाच्या माहेरीच राहून आलेली! 1862 च्या सुमारास तिथल्या चेन नावाच्या बाईंच्या खानावळीत तो सुरू झाला असं सांगतात. बाईंच्या तोंडावर देवीचे व्रण होते, म्हणून 'मापो'. आपली शेजवान चटणी ढकलून हिच्यापुढे काही ठेवणं मला जमणार नव्हतं.

कीमा चव धरतो आणि दाताखाली येतो. ही दोन्ही कामं शिताके मशरूमकडून करून घ्यायची ठरवली. सुके शिताके भिजवून बारीक चिरले, तेलात कडा कुरकुरीत होईपर्यंत परतले. भिजवलेलं पाणी गाळून तोच स्टॉक. मग दोबानजियांग, म्हणजे बाकल्याची आणि मिरचीची आंबवलेली पेस्ट, मंद आचेवर तेल लालभडक सुटेपर्यंत. इथे घाई केली की कडवटपणा येतो, तो मग कशानेच जात नाही. आंबवलेले काळे सोयाबीन, आलं, लसूण घातलं. तेवढ्यात दुसरी मोठी ऑर्डर आली आणि टोफू घालून शेवट करायचं मी हेल्परवर सोपवलं.

प्लेट पासवर, म्हणजे बाहेर जाण्याआधी ती ठेवतात त्या कट्ट्यावर, आली. रंग सुरेख. पण तुकड्यांच्या कडा सुरीने कापल्यासारख्या ताठ. सिल्कन, म्हणजे मऊ लुसलुशीत, टोफूची प्लेट ठेवली की तुकडे थरथरतात. हे ढिम्म हलेनात. एक दाबून पाहिला. पनीर! चिली पनीरसाठी कापलेला डबा शेजारीच होता.

"सफेद तो दोनों हैं, ताई," पोरगा रडवेला झाला. त्याला काय बोलणार? सोपवून निघून गेले होते मी.

कॅप्टनला म्हटलं, टेबलवर जाऊन खरं सांग, पंधरा मिनिटं माग. कढई घासून पहिल्यापासून सुरुवात केली. टोफू मिठाच्या गरम पाण्यातून काढला, कॉर्नफ्लॉवरचं पाणी तीनदा थोडं थोडं घातलं, कारण टोफू पाणी सोडत राहतो. वरून भाजून कुटलेली शेच्वान मिरी.

थोड्या वेळाने मुलीची आई किचनच्या दारात. "अगो, ह्यां तर तिरफळ!"

मी वेंगुर्ल्याची. पहिल्यांदा ही मिरी जिभेवर ठेवली तेव्हा मलाही आजीचं बांगड्याचं तिखलं आठवलं होतं. दोन्ही एकाच कुळातली. दोन्हींची काळी बी टाकून द्यायची, वास आणि झिणझिण्या सालीतच. त्यांना बटर पेपरात चिमूटभर बांधून दिली. आत मुलीने भाताची दुसरी वाटी मागवली होती.

त्याच संध्याकाळी पनीरचा डबा वरच्या फळीवर गेला आणि व्हेजच्या रेंजवरची चिकन पावडर मी उचलून ठेवली.