एका दिवशी एकच काम

‘एकाच वेळी चार जणांची कामं घेता, गोंधळ होत नाही?’ असं बरेच जण विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते: होतो. चांगलाच झालाय.

मी मुद्रितशोधन करते, म्हणजे छापण्याआधी मजकुरातल्या चुका काढते; जोडीला जाहिरातींचे अनुवाद. ऑगस्ट उजाडला की दिवाळी अंकांची प्रुफं सुरू. त्यात एका प्रकाशकाची शालेय गाइडं, आणि जाहिरात एजन्सीचे ‘ताई, दोनच ओळी आहेत’ असे फोन. पूर्वी मी दिवसाचे तुकडे पाडायचे: दहा ते बारा गाइड, बारा ते दोन कथा. कागदावर छान दिसायचं. गाइडवाल्यांना सगळं ‘केले, गेले, सांगितले’ असं लागतं. एकदा तोच हात घेऊन मी दिवाळी अंकातल्या कथेत शिरले आणि चुलीपुढे बसलेल्या आजीचं ‘मी काय केलं रे तुझं?’ हे ‘मी काय केले रे तुझे?’ करून टाकलं. पानभर तसंच. आजी ग्रामपंचायतीची नोटीस वाचत असावी तशी बोलायला लागली. संपादकांनी फोनवर एवढंच विचारलं, “आजींना नोकरी लागली का हो?”

शुद्धलेखनाच्या शासनमान्य १८ नियमांतही पात्राच्या तोंडी ‘असं केलं, मी म्हटलं’ चालतं. मला ते पाठ होतं, तरी! एक काम टाकून दुसऱ्याला लागलं तरी मन पहिल्यातच रेंगाळतं, हे सोफी लरॉय या संशोधिकेनं २००९ सालच्या शोधनिबंधात मांडलंय. मला ते त्या आजीनं दाखवलं.

तेव्हापासून तासांची वाटणी बंद. सोमवार-मंगळवार गाइड, पुढचे तीन दिवस अंक. एजन्सीला फक्त चार ते पाच. त्यांच्या दोन ओळी कधीच दोन नसतात, म्हणून किमान शुल्क ठरवून टाकलं. फोन आपोआप कमी झाले.

मधेच उठावं लागलं तर प्रुफावर पेन्सिलीनं लिहून ठेवते: ‘पान ४७, खालून तिसरी ओळ, रफार.’ जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना ‘दर्शन’चं ‘दशर्न’ होतं, आणि असा रफार एकदा नजरेतून सुटला की सुटलाच.

नाही म्हणायला मात्र अजून जमत नाही. परवाच पाचवं काम घेतलं. शनिवारी बसवलंय. घरी अजून सांगितलेलं नाही.