धाकटीचा खोकला

क्षयरोग केंद्रात प्रत्येक नव्या रुग्णाला मी एक प्रश्न विचारतेच: घरात आणखी कुणी खोकतं का? दांडिया बाजारातून आलेली ती मुलगी "नाही" म्हणाली. फार पटकन म्हणाली. शेजारी आई होती. घरात लग्नाची बोलणी चालली होती आणि कार्डावर खरं नाव घालायलाच हवं का, असं आईनं मला दोनदा विचारून झालं होतं.

आईला औषधांच्या खिडकीकडे पाठवलं. मुलीच्या मांडीवर पुस्तक होतं, एम.ए.चं.

"काय वाचतेस?"

"तोरू दत्त. कलकत्त्याची. इंग्रजीत कविता करायची. एकविसाव्या वर्षी गेली." मग खाली बघून, "मावशी, हाच आजार. आणि मलाही एकविसावंच आहे."

तुला सहा महिने गोळ्या आहेत, तिला नव्हत्या, एवढंच मी म्हटलं. पण तिला बोलायचं होतं, मी बोलू दिलं. अब्जू, आरू, तोरू ही तीन भावंडं. अब्जू 1865 साली गेला. 1869 साली आईवडील दोघी मुलींना घेऊन युरोपला गेले. फ्रेंच शिकल्या, केंब्रिजला व्याख्यानं ऐकली, 1873 साली परतल्या. फ्रेंच कवितांच्या अनुवादांचं तोरूचं पुस्तक 1876 साली भवानीपूरला छापलं. त्यात आठ अनुवाद आरूचे. पण आरू 1874 सालीच क्षयानं गेली होती. 30 ऑगस्ट 1877 ला तोरू.

"एक कविता आहे, 'सीता'. अंधाऱ्या खोलीत आई सीतेची गोष्ट गाते आणि तिन्ही मुलं रडतात. शेवटी विचारलंय, ती मुलं पुन्हा कधी अशी आईजवळ जमतील?"

ती कविता लंडनला छापून आली 1882 साली. तिघांतलं कुणीच उरलं नव्हतं. त्याच वर्षी 24 मार्चला जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनला क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. ही तारीख आम्ही दरवर्षी क्षयरोग दिन म्हणून पाळतो, फलक लावतो, पण तिच्याशेजारी दोन बहिणींचं घर मी कधी ठेवून पाहिलं नव्हतं. एका खोलीत झोपणाऱ्या, एका टेबलाशी वाचणाऱ्या. हवेतून एकीचा आजार दुसरीला लागतो हे त्या आईवडिलांना कोण सांगणार होतं?

मी तोच प्रश्न पुन्हा विचारला.

बराच वेळ ती गप्प राहिली. "धाकटी खोकते. महिना झाला. आई म्हणते, धुळीचा आहे."

आई परतल्यावर मी कवितेचं काही बोलले नाही. घरातल्या सगळ्यांची तपासणी फुकट होते, आजार निघाला नाही तरी प्रतिबंधाच्या गोळ्या देता येतात, नाव बाहेर जात नाही, हे सांगितलं. ती चिडली. मग रडली.

दुसऱ्या दिवशी नऊच्या आधी तिघी आल्या. धाकटीच्या हातात बेडक्याची डबी होती. बाकावर आई मध्ये बसली होती, दोघी दोन बाजूंना.