चोर आणि राखणदार एकाच भुयारात

दोन-तीन आठवडे झाले, रात्री झोपायच्या आधी दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटनच्या होम गार्डबद्दल, म्हणजे जर्मन उतरलेच तर राखण करायला उभ्या केलेल्या स्वयंसेवकांच्या दलाबद्दल, वाचत बसतोय, आणि विमानं, चर्चिल वगैरे राहिले बाजूला, डोक्यातून जात नाहीयेत ती तिथली खेडी.

१४ मे १९४० ला युद्धमंत्री अँथनी ईडन रेडिओवर म्हणाले की १७ ते ६५ वयाच्या ज्यांना जमेल त्यांनी पोलीस स्टेशनात नाव द्या, पगार नाही. झुंबड उडाली. जुलै संपेपर्यंत आकडा १५ लाखांच्या आसपास, आणि हातात काय तर शेतातली छऱ्याची बंदूक, नाहीतर नुसती काठी! पुढच्या वर्षी तर कहरच, चर्चिल म्हणाले होते प्रत्येकाच्या हातात काहीतरी हवं, भाला का असेना, तर युद्धखात्याने ते शब्दशः घेतलं आणि लोखंडी नळीला संगीन वेल्ड केलेले अडीच लाख भाले बनवायला दिले. लोक जाम भडकले, बरेचसे गोदामातच पडून राहिले. ऑफिसात बसून गावाची राखण ठरवली की असंच होतं.

दिवसभर शेतात राबायचं आणि रात्री चर्चच्या मनोऱ्यावर चढून आकाशात पॅराशूट शोधायचं. चर्चच्या घंटा बंद, कारण घंटा वाजली म्हणजे शत्रू उतरला. ७ सप्टेंबर १९४० ला सावध राहायचा इशारा आला, काही गावांनी त्याचा अर्थ जर्मन आलेच असा लावला, घंटा बडवल्या, सगळे रात्रभर जागे, आणि कोणीच आलं नाही. मला हसू आलं खरं, पण त्या रात्री तिथे असतो तर मीही दोरी ओढलीच असती. १९४२ पासून तर सक्ती आली, ड्यूटी बुडवली तर कोर्टात खेचायचे, म्हणजे स्वयंसेवक हे नावापुरतंच.

पण मला खरं अडकवलं ते ऑक्झिलरी युनिट्सनी. १९४० च्या उन्हाळ्यात कर्नल कॉलिन गबिन्स यांनी उभी केली, होम गार्डच्याच आडून, एकदम गुपचूप. जर्मन उतरले तर सैन्य मागे हटेल, आणि या चार-सहा जणांनी जमिनीखाली लपून राहायचं, रात्री बाहेर येऊन पूल आणि पेट्रोलचे साठे उडवायचे. घेतले कोण? शेतकरी, जमीनदाराच्या रानाचे राखणदार आणि त्याच रानात चोरून शिकार करणारे पण! कालपर्यंत एकमेकांच्या मागावर असलेली माणसं आता एका भुयारात, पत्र्याच्या गोल छताखाली, लाकडी बंकवर. वर झाकण, त्यावर माती आणि पाला, दुसऱ्या टोकाला पळायची वाट. शिधा साधारण दोन आठवड्यांचा, कारण त्याहून जास्त जगतील असं कोणी धरलंच नव्हतं. त्यांना हे माहीत असावं असं मला वाटतं, रोज नांगर धरणाऱ्या माणसाला दोन आठवड्यांचा हिशोब कळत नाही होय?

बायकोलासुद्धा सांगायचं नाही. धडधाकट तरुण सैन्यात गेला नाही म्हणून शेजारी टोमणे मारणार आणि याने ऐकून घ्यायचं. जर्मन आलेच नाहीत, १९४४ च्या शेवटी सगळ्यांना घरी जा म्हणून सांगितलं, तरी बरेच जण पुढे कित्येक वर्षं तोंड मिटूनच राहिले.

आता त्यातली पुष्कळ भुयारं ढासळलीत. झाडीत नुसता एक खड्डा दिसतो, आणि त्यात वाकलेला गंजका पत्रा.