औषध सापडलं का, म्हणून विचारता

यवतमाळकडच्या गावांत तपासणीला गेलं की ओट्यावरचं कोणीतरी हमखास विचारतं, "डॉक्टरसाहेब, एवढे वर्ष झाले, औषध सापडलं का नाही?" पार्किन्सन आणि अल्झायमर या दोन आजारांच्या संशोधनातच माझी उमेदीची वर्षं गेली, तेव्हा विचारणं रास्तच आहे. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पार्किन्सनवर औषध आहे, लेव्होडोपा. १९६७ साली जॉर्ज कोत्झियास या डॉक्टरांनी ते मोठ्या मात्रेत देऊन दाखवलं, आणि त्याच्या तोडीची दुसरी गोळी अजून आलेली नाही. मेंदूतल्या एका लहानशा काळ्या भागातल्या पेशी मरतात, त्यांच्यात बनणारं डोपामाइन हे रसायन आटतं, शरीर जखडतं. ती उणीव ही गोळी भरून काढते. (आपल्याकडच्या खाजकुयरीच्या बियांतही लेव्होडोपा असतं, पण मात्रा किती ते कळत नाही. घरी कुटून खाऊ नका.) पेशींचं मरणं मात्र ती थांबवत नाही. अल्झायमरमध्ये तर तेवढाही आधार नाही. लेकानेमॅबसारखी इंजेक्शनं गेल्या काही वर्षांत अमेरिकेत मान्य झाली. ती घसरण थोडी संथ करतात, गेलेली आठवण परत आणत नाहीत, आणि द्यायची तर आजाराच्या सुरुवातीलाच.

घोडं अडतं ते या सुरुवातीशीच. पार्किन्सनमध्ये हाताला कंप सुटेपर्यंत मेंदूच्या त्या काळ्या भागातल्या निम्म्याच्या आसपास पेशी गेलेल्या असतात. आजार त्याआधीच ओळखायचा तर मोजायला काहीतरी लागतं, आणि मोजायची साधनं आमची माणसं डोळ्यांपुढे ठेवून बनलेलीच नव्हती.

स्मरणशक्तीची जगभर चालणारी चाचणी १९७५ ची, ३० गुणांची. तारीख सांगा, शंभरातून सात-सात वजा करा, एक वाक्य लिहा, एकमेकांत गुंतलेले दोन पंचकोन काढा. ज्या आजीने जन्मात पेन्सिल धरली नाही ती पंचकोन कसा काढणार? तारीख तिला येत नाही. पण तिथी ती बिनचूक सांगते, पोळ्याला किती दिवस उरलेत आणि कोणाच्या वावरात वेचणी राहिली तेही सांगते. तरी कागदावर ती रुग्ण ठरते. याच्या उलट, जिला खरोखर आजार जडलाय तिला घरचे "वय झालं" म्हणून सोडून देतात, आणि याचा मला जास्त त्रास होतो.

हरियाणातल्या बल्लभगड भागात १९९० च्या दशकात संशोधकांनी निरक्षर लोकांनाही देता येईल अशी हिंदी चाचणी तयार केली. त्याच वाटेने आम्ही इथल्या बोलीत प्रश्न बांधले, आणि घरच्यांना विचारायचे वेगळे. एका सुनेने सांगितलं, "आत्याबाई भाकर तव्यावर टाकते अन् उलटवाचं इसरून जाते. तवा धूर सोडते, तरी पीठच मळत राह्यते." हातातल्या कामाचा क्रम तुटतोय, हे मला कुठल्याही पंचकोनापेक्षा स्पष्ट कळलं.

वासाचंही तेच. पार्किन्सनमध्ये कंपाच्या कितीतरी वर्षं आधी वास जाऊ शकतो. अमेरिकेतल्या प्रसिद्ध चाचणीत ४० वास आहेत, त्यात पिझ्झाचाही. आम्ही लसूण, हिंग, लवंग आणि मोहफुलं बाटल्यांत भरली. पोट साफ होत नाही म्हणून आलेल्या एका कास्तकाराने डोळे मिटून मोहाची बाटली हुंगली आणि म्हणाला, "हे तं रिकामी आहे साहेब." शेजारी बसलेल्या बायकोला तो वास हातभरावरून येत होता. त्याला उठून चालायला सांगितलं, तर चालताना उजवा हात पुढेमागे हलेना. त्या हाताबद्दल त्याची काहीच तक्रार नव्हती. नुसता वास गेला म्हणजे पार्किन्सन नव्हे, सर्दीनेही जातो. पण अशा माणसावर आम्ही नजर ठेवतो.

आणि फवारणी. १९८३ साली कॅलिफोर्नियातून बातमी आली, की नकली हेरॉइनमधल्या एमपीटीपी नावाच्या रसायनाने तरुण माणसं पार्किन्सनसारखी जखडली. शरीरात त्यापासून जे रसायन बनतं त्याची ठेवण पॅराक्वाट या तणनाशकाशी जुळते. पॅराक्वाटशी सतत संबंध आलेल्यांत पार्किन्सन जास्त दिसल्याचं अनेक अभ्यासांत आलं आहे. फवारणीनेच हा आजार होतो असं मी म्हणणार नाही, कारणं एकापेक्षा जास्त आहेत. पण जिथे माणसं पाठीवर पंप घेऊन, अंगावर नुसती बनियन घालून वावरात उतरतात, तिथे याचा अभ्यास व्हायलाच हवा, आणि तो इथेच होऊ शकतो. फवारणीच्या औषधाचं नाव कोणाला आठवत नाही, म्हणून आम्ही डब्याचा रंग विचारतो, पीक विचारतो, कृषी केंद्राची जुनी बिलं मागतो.

तर औषध सापडलं का? आजार थांबवणारं नाही सापडलं. तुमच्या घरी कोणी झोपेत ओरडत असेल, हातपाय झाडत असेल, वास येत नाही म्हणत असेल, तर कंप सुटायची वाट पाहू नका, दाखवायला आणा. येताना फवारणीच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्यांचे फोटोही मोबाइलमध्ये घेऊन या.